दहाव्याची हजेरी

सोयाबीन पिवळं पडायला लागलं की सावरवाडीची शाळा रोडावते. हे गावाला ठाऊक, केंद्रप्रमुखांना ठाऊक, भोकरच्या पंचायत समितीलाही ठाऊक. तरी यंदा पटपडताळणीचा पंधरवडा नेमका काढणीच्या तोंडावर आला. तो कुणी ठरवला, हे विचारायची सोय नव्हती. तारखा हजेरीच्या अ‍ॅपमध्ये आपोआप उमटल्या होत्या, जसा अंगावर गोवर उमटतो.

महामाया त्या शाळेची एकुलती एक बाई. डी.एड. होऊन बरीच वर्षं घरी बसली, लोकांच्या रानात निंदायला गेली, आणि अखेर कंत्राटावर का होईना, आपल्याच सासरच्या गावात मास्तरीण झाली. शाळेत अकरा पोरं. चार मुली, सात मुलगे. मुलींतली एक तिचीच तनुजा, तिसरीतली. पंधरवड्यात रोज सरासरी निदान दहा पोरं हजर दिसली तर शाळा राहणार. नाही दिसली तर ती रिठ्याच्या ओढ्यापलीकडच्या थोरल्या गावच्या शाळेत विलीन होणार. विलीन हा शब्द मोठा देखणा. नदी समुद्राला मिळते तेव्हा तो वापरतात. इथं मधे ओढा होता आणि ओढ्यावर पूल नव्हता. सावरवाडीच्या पोरी पाचवीला त्या ओढ्यापलीकडं जात, पहिल्या पुराला घरी बसत, आणि दुसऱ्या पुराच्या आत त्यांच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होई. आता पहिलीपासूनच ओढा लागणार होता.

अ‍ॅपमधल्या नव्या सुविधा समजावून सांगायला पुण्याहून एक तज्ज्ञ भोकरला आला होता. वयानं कोवळा, शर्ट कडक. पडद्यावर एकेक सुविधा उजळत होती आणि तो प्रत्येकीचं लग्न जमल्यासारखं कौतुक करत होता. आता शिक्षकांनी नाव पुकारायची गरज नाही, फोन पोरांपुढं धरला की अ‍ॅप तोंडं ओळखून स्वतःच हजेरी लावणार. फोन शाळेच्या हद्दीबाहेर गेला की अ‍ॅप बंद पडणार. आणि सगळ्यांत नवीन म्हणजे आनंद निर्देशांक.

"शिक्षण आनंददायी झालं की नाही, हे आतापर्यंत मोजताच येत नव्हतं," तज्ज्ञ म्हणाला. "आता अ‍ॅप हसरे चेहरे मोजेल. निम्म्याहून कमी मुलं हसत असतील तर हजेरी सबमिटच होणार नाही."

मागच्या रांगेतून एका मास्तरनं विचारलं, "सर, शिक्षकाचा आनंद बी मोजत्यात का?"

"पुढच्या अपडेटला," तज्ज्ञ म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

केंद्रप्रमुख शेषेराव शेजारच्याच खुर्चीवर होते. निवृत्तीला आलेला, पोटानं सुटलेला, स्वभावानं सरळ माणूस. महामायाच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "म्याडम, पयले मी शाळंत यायचो, डोकी मोजायचो, चहा प्यायचो, सही करायचो. पोरं खरंच हायती का न्हाई ते मला दिसायचं. आता मी बघायचं बंद झालं. आता त्येनं बघायचं."

सावरवाडीच्या पोरांनी अ‍ॅपचं नाव 'डोळा' ठेवलं.

पंधरवडा लागला तसा महामायाचा दिवस दोन दिवसांएवढा झाला. उजाडायच्या आत ती नवऱ्याबरोबर रानात. आनंदराजच्या वाट्याला ओढ्याच्या कडेची दोन एकर बरड. यंदा त्यात सोयाबीन बरं आलं होतं. शेंगा वाळून खडखडीत, विळा मारताना मुठीत धरल्या की तळहाताला सुयांसारख्या टोचायच्या. ती चार ओळी कापून होईस्तोवर आनंदराजच्या सहा व्हायच्या. मग तो कंबर धरून उभा राहायचा.

"तनुजाची माय, तू आता शाळंत जा. तुझी वळ मी वढतो."

"कंबर मोडंल तुमची."

"मोडू दे. डोळ्यात माझी कंबर मोजत न्हाईत."

घरी येऊन हात धुतले तरी सोयाबीनची कुसळं बोटांत राहायची. तशाच हातांनी ती शाळेचं कुलूप काढायची आणि मग पोरं गोळा करायला पुन्हा रानोरान हिंडायची. भुजंग बापाबरोबर पेंढ्या बांधत असायचा. हरिओम बांधावर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेला. ती बांधावरून हाक मारायची.

"भुजंगच्या बापू, घंटाभर धाडा हो पोराला. फोटो निघाला की लावून देते."

"बाई, घंटाभरात माझी एक वळ निघती."

"शाळा गेली तर मग कुठं धाडसान?"

"शाळा कुठं जायली? तिला काय पाय हायत?" असं म्हणत बाप पोराच्या पाठीत हलकी थाप मारायचा, आणि भुजंग विळा टाकून पळत सुटायचा.

शाळेच्या भिंतीशी अकरा जण ओळीनं उभे राहत. महामाया फोन धरी. एकेका तोंडाभोवती हिरवी चौकट यायची. मग आनंदाचा भाग. त्यासाठी भुजंग ठेवलेला होता. तो ओळीत उभा राहूनच, ओठ न हलवता, म्हशीसारखा रेकायचा. अकरा पोरं खिदळली की डोळा म्हणायचा, 'अभिनंदन! आपला वर्ग आनंदी आहे.' आणि पोरं रानाकडं पांगायची. काही थांबायचीही. थांबलेल्यांना ती शिकवायची. पण ते डोळ्यात दिसत नव्हतं.

असे काही दिवस बरे गेले. मग व्यंकटराव आबा वारले.

आबा म्हणजे गावातलं सगळ्यांत जुनं माणूस. शाळेची जागा त्यांनीच दिलेली. सावरवाडीतली महामायाच्या बौद्धवाड्यातली आणि आणखी दोनचार घरं सोडली तर बाकी सगळी एकाच भावकीची, आणि आबा भावकीचे थोरले. अंत्ययात्रेला आभाळ भरून आलं होतं. महामायानं पोरांना रांगेनं उभं करून फुलं वाहायला लावली. आबा तिला कधी बाई म्हणाले नव्हते, 'मास्तर' म्हणायचे. ती ढसाढसा रडली.

तिसऱ्या दिवशी निवृत्ती न्हावी शाळेवरून चालला होता. बगलेत धोपटी. व्हरांड्याशी थांबून त्यानं पोरांकडं नजर फिरवली, जशी व्यापारी उभ्या पिकावर फिरवतो.

"सात न्हवं का? दहाव्याला सकाळच्यालाच आनून बसवा म्हनावं. थोरल्या मान्सांत बारकी राहून जात्यात."

महामायाच्या हातातला खडू थांबला. दहाव्याला भावकीतला झाडून सगळा पुरुष डोकं करतो. मांडीवरच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत. सातही मुलगे भावकीतले. पडताळणीच्या पंधरवड्याला अ‍ॅपनं मधेच मुदतवाढ दिली होती, तो आता दहाव्याच्या पुढंही आठवडाभर चालणार होता, आणि डोळ्यात भरलेले फोटो जूनमधले होते. त्या फोटोंत भुजंगच्या कपाळावर नांगराच्या फाळासारखी झुलपं आली होती, आणि हरिओमचे केस तर कानांवर.

"निवृत्तीदादा, केस काढल्यावर पोरगं वळखू येतंय का हो?"

निवृत्ती हसला. "बाई, मी हात लावल्यावर मायला पोरगं वळखू येत न्हाई, ही तर आमच्या हाताची तारीफ हाय."

संध्याकाळी ती अमृतरावांकडं गेली. अमृतराव आबांचा थोरला मुलगा. दारात घोंगडं टाकून बसलेले, दाढी वाढलेली, पाच-सात माणसं आजूबाजूला. महामाया ओट्याच्या खालच्या पायरीशी टेकली. तिच्यापुढं चहा आला. सगळ्यांनाच कागदी कपात आला होता. कागदी कपानं गावातले लई जुने प्रश्न न बोलता मिटवले होते.

"बोला बाई."

तिनं सांगितलं. अ‍ॅप, पंधरवडा, तोंडं, दहा पोरं. सांगताना तिचं तिलाच ते बोलणं कुणाच्या तरी अंगात आल्यासारखं वाटत होतं. माणसं शांतपणे ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "मोठ्यांचं मी काय म्हनत न्हाई, काका. तेवढी सात पोरं ठिवा. पंधरवडा सरला की करा त्यांची डोकी."

कुणीतरी खाकरलं. अमृतरावांनी कप खाली ठेवला.

"बाई, आबानं शाळंला जागा दिली. त्येच्या नावानं पोरांनी चार केस द्यायचे न्हाईत व्हय?"

"द्यायचेच हायत. मी न्हाई कुठं म्हनले? आठ दिस थांबा म्हनले."

"दहावा काय तुमच्या मोबाईलला इचारून येतो का?" मागून एकजण म्हणाला, आणि सुतकाच्या घरात हसता येत नाही म्हणून बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

अमृतरावांनी हात वर केला. "बाई, डोकं गेलं तरी तोंड तर तेच ऱ्हाइल ना? तोंडच बघतो ना त्यो?"

"तोंडच बघतो."

"मग झालं तर. जावा. काय होत न्हाई."

उठताना तिलाही वाटलं, तोंड तर तेच राहील. माणसाला काहीतरी वाटून घ्यावं लागतं.

दहाव्याला ओढ्याच्या काठी निवृत्ती आणि त्याचे दोन भाऊ सकाळपासून बसले. पोरं एकापाठोपाठ एक पाटावर. थंड पाण्यानं अंगावर काटा, वस्तऱ्याची खरखर, कुठं रक्ताचा ठिपका, त्यावर तुरटी. केस ओढ्यात जात होते. दुसऱ्या दिवशी सात जण शाळेत आले तेव्हा महामायाही क्षणभर दचकली. भुवयांपर्यंत तोंडं उन्हानं रापून काळीभोर, आणि त्यांवर डोकी पांढरीफटक, सोललेल्या कांद्यासारखी. प्रत्येकाचं जणू वरचं निम्मं दुसऱ्या कुणाचं होतं.

चार मुलींभोवती हिरवी चौकट आली. हरिओमभोवती लाल आली. 'चेहरा जुळत नाही. कृपया योग्य विद्यार्थी उभा करा.'

तिनं फोन जवळ नेला, लांब नेला. त्याला उजेडात उभं केलं, सावलीत उभं केलं. लाल.

"बाई, मीच हाय," हरिओम म्हणाला.

"मला म्हाईत हाय रे."

"मग त्येला सांगा की."

तिनं सातही पोरं पुन्हा पुन्हा उभी केली. टोप्या घातल्या तर डोळा म्हणे, डोक्यावरचे आच्छादन काढा. काढलं तर म्हणे, चेहरा जुळत नाही. हजर चार, गैरहजर सात. आणि त्या गैरहजर सात जणांकडं बघून चारही मुली इतक्या हसत होत्या, की आनंद निर्देशांक शंभरावर गेला. 'अभिनंदन!'

अ‍ॅपमध्ये 'चेहरा अद्ययावत करा' असं एक बटण होतं. ते राखाडी झालं होतं. गैरप्रकार होऊ नयेत म्हणून पडताळणीत ते बंद राहतं, असं शेषेरावांनी फोनवर सांगितलं. ते भोकरहून उघडतं म्हणाले. भोकरचा ऑपरेटर म्हणाला, नांदेडहून उघडतं. नांदेडहून सांगितलं, तक्रार नोंदवा. हजेरी फोनमध्ये साठून रेंज मिळाली की आपोआप जाई, पण बाकी कशालाही गावात पाण्याच्या टाकीच्या पायरीवरच उभं राहावं लागे. तिथं उभं राहून, एका हातानं छत्री धरून तिनं तक्रार नोंदवली. विद्यार्थ्यांचे केस धार्मिक कारणाने काढलेले आहेत, असं लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं. 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

घरी चुलीपुढं ती हे सांगत होती. आनंदराज पाठीला शेक घेत पालथा पडलेला. सासू धुरपताबाई तवा घासत बसल्या होत्या. घासता घासता त्यांनी तव्याच्या बुडावरून बोट फिरवलं, आणि त्या काळ्या बोटाकडं बघत म्हणाल्या, "केसच पायजेत ना त्येला?"

"हाव."

"मंग लाव की. एरंडेलात काजळी कालव. ह्येच्या लग्नात माझं डोस्कं कापसावानी झालतं. पावन्यांत बरं दिसत न्हाई म्हनून मी तेच चोपडलं. तुझ्या बापालाबी समजलं न्हाई. उलट म्हनला, इहिनबाई अजून तरण्या हायत."

आनंदराज पालथा पडल्या पडल्या हसला. "म्हंजी फसवून दिली व्हय मला बायको?"

"तुला न्हाई, तिला फसवून दिला."

महामायाही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि हसण्यात माणसाचं भान सुटतं. तवा, कढई, खिचडीचं पातेलं, सगळ्यांची बुडं खरवडून तिनं काजळी गोळा केली.

सकाळी व्हरांड्यात तिनं सात पोरांना बसवलं. एरंडेलात कालवलेली काजळी दोन बोटांनी एकेकाच्या डोक्यावर चोपडली. कपाळाची रेघ नीट ओढली. भुजंगच्या कपाळावर तर जूनमधली झुलपंही काढली. पोरांना गुदगुल्या होत होत्या. मग फोन धरला. हरिओम: हिरवा. भुजंग: हिरवा. धाकट्या दोघांनाही डोळ्यानं थोडा विचार करून हिरवं केलं. पाचवा, सहावा, आणि सातवाही. अकरापैकी अकरा. आनंद शंभर. तिनं हजेरी पाठवून दिली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

दोन दिवस असंच चाललं. पोरं शाळेतच डोकं धुऊन घरी जात.

तिसऱ्या दिवशी खिचडी शिजत असताना पाऊस आला. काढणीतल्या पावसाला गाव ओळखतं. पोरं क्षणात उठली आणि आपापल्या बापाची कापलेल्या सोयाबीनची गंज झाकायला उघड्या डोक्यानं पावसात पळाली. काजळी एरंडेलासकट तोंडावर उतरली, डोळ्यांत गेली, गळ्यावरून सदऱ्यात गेली. सात पोरं काळी ठिक्कर तोंडं घेऊन, रडत, सात रानांत पोचली.

पाऊस थांबायच्या आत माणसं शाळेपुढं जमली. अमृतरावांच्या हाताला हरिओम, त्यांचा नातू. त्याचं अर्धं तोंड काळं, अर्धं पुसलेलं.

"बाई, सुतकातून उठलेल्या लेकराच्या डोक्याला काळं लावलाव?"

"काका, हजेरीसाठी..."

"काळं कुनाला फासत्यात, म्हाईत हाय ना तुम्हाला?"

मागून एकजण म्हणाला, "आन् लावलं कुनी तर..."

पुढचं वाक्य त्यानं बोलून दाखवलं नाही. ते गावात सगळ्यांना पाठ होतं. महामायालाही. तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. नखांत काजळी होती. हात पदराखाली घ्यावेत की नाही, हे तिला ठरवता येईना.

धुरपताबाई भिजत आल्या. "माझ्या टाळक्यातली अक्कल हाय ती. तिला काय बोलू नगा. मला बोला."

म्हातारीला कुणी काही बोललं नाही. अमृतरावांनी नातवाला खांद्यावर घेतलं आणि सगळे गेले. भांडण झालं असतं तर बरं, असं महामायाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मळणीयंत्र आनंदराजच्या रानात यायचं होतं. यंत्र भावकीतल्याचं, पाळी ठरलेली. आलं नाही. येणार नाही, असंही कुणी म्हणालं नाही. त्याच्याच बांधावरून ते तिसऱ्याच्या रानात गेलं, आणि वरच्या ड्रायव्हरनं आनंदराजला रामराम केला. आनंदराजनंही केला. रात्री पुन्हा पाऊस आला, वाऱ्यानं ताडपत्रीचं एक टोक उडालं. नवराबायको दोघं गंजीवर आडवी पडून ती धरून राहिली. गुडघ्याला कोंब फुटल्यासारखी ओल वाटत होती. चार दिवसांनी गंज उकलली तर आतून वाफ आली, आणि शेंगांना खरेच कोंब.

"तनुजाची माय," आनंदराज मूठभर दाणे नाकाशी नेत म्हणाला, "ह्याचा बी एक फोटो काढ. कोंब आलेत. आनंदी दिसतंय."

त्याच दुपारी शेषेराव आले. मोटरसायकल ओढ्याकाठी ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. व्हरांड्यात बसून त्यांनी फोन दाखवला. डोळ्याला आणखी एक नवी सुविधा आली होती. जुने फोटो पुन्हा तपासायची. 'सावरवाडी: चेहऱ्यांशी छेडछाड आढळली. तीन दिवसांची हजेरी रद्द. शाळा विलीनीकरणाच्या पहिल्या यादीत.'

"सर, तुम्ही तर बघायलाव. हे बसलेत की सात जन."

शेषेरावांनी पोरांकडं पाहिलं. एकेकाचं नाव घेऊन पाहिलं. भुजंग, हरिओम, सगळे. "दिसायलेत की," ते म्हणाले. "म्याडम, मला दिसायलेत." मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आदेशाच्या प्रतीवर पोच म्हणून तिची सही घेतली.

शाळा जायली, हे गावात पसरलं तसा राग थोडा बाजूला सरकला. तो गेला नव्हता, नुसता सरकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अमृतराव महामायाच्या दारात उभे. आत आले नाहीत.

"चला बाई. भोकरला जाऊ. आबाची जागा हाय ती."

दोघं जीपनं भोकरला गेले. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात बाकावर बसून राहिले. बोलावणं आलं तेव्हा साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांनी पंखाही लावला.

"तुमचं म्हणणं खरं असणार," साहेब म्हणाले. "पण इथं कारण निवडावं लागतं. आजार आहे, स्थलांतर आहे, लग्नकार्य आहे. डोकं केलं, हा पर्याय यात नाही."

अमृतरावांनी डोक्यावरची टोपी काढली. वीतभर पांढरं टक्कल, त्यावर रव्यासारखे खुंट. "हे बघा सायेब. मी बी तसाच हाय. आता मी अमृतराव न्हाई व्हय?"

साहेबांनी बघितलं. मग पडद्याकडं बघितलं. "तुमचा चेहरा आमच्याकडं नोंदलेला नाही, काका. तुमच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही."

परतीच्या वाटेवर ओढ्याला पाणी वाढलेलं होतं. जीप अलीकडंच राहिली. अमृतराव धोतर खोचून पुढं उतरले, आणि मधल्या ओढीत मागं वळून त्यांनी हात पुढं केला. महामायानं तो धरला. पलीकडं पोचल्यावर दोघांनीही तो लगेच सोडला.

"मळणीयंत्र धाडतो उंद्या," ते म्हणाले.

"आता काय मळता, काका," ती म्हणाली.

दिवाळीची सुट्टी सरली आणि शेवटचा दिवस आला. खिचडीचं पातेलं, तराजू, नकाशे, घंटा, सगळं व्हरांड्यात मांडलेलं. थोरल्या गावची बैलगाडी दुपारी येणार होती. अकराही पोरं आली होती, रानात काम नव्हतं म्हणून असेल. मुलग्यांच्या डोक्यांवर कापलेल्या धाटांसारखे काळे ताठ केस उगवले होते.

शाळा बंद करण्याआधी शेवटची हजेरी घ्यावी लागते, अशी डोळ्यात सुविधा होती. ती घेतल्याशिवाय शाळा बंद होत नाही.

पोरं भिंतीशी उभी राहिली. तिनं फोन धरला. हरिओमभोवती चौकट आली, हिरवी. भुजंग हिरवा. ओळीनं सगळे. डोळ्याला केसांच्या तेवढ्या खुंटांवरून पोरं ओळखू आली होती. अकरापैकी अकरा.

"वळखलं बाई!" हरिओम ओरडला. "मला वळखलं त्येनं!"

"हाव रे," महामाया म्हणाली.

पण हजेरी जाईना. पडद्यावर आलं, 'वर्ग आनंदी दिसत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

"हसा की रे," ती म्हणाली.

पोरांनी दात दाखवले. डोळ्याला ते दात वाटले, हसू वाटलं नाही. भुजंगनं म्हशीसारखं रेकून पाहिलं. आवाज अर्ध्यात बसला. कोपऱ्यात दुसरीतली एक पोर नाक पुसायला लागली.

"हसा बरं. एकदाच. मग सोडते."

तनुजा शाळेत तिला नेहमी बाईच म्हणायची. ती म्हणाली, "बाई, तुमी आधी हसा."

महामाया हसली. कसं हसू आलं तिलाच कळलं नाही, तोंड वाकडंतिकडं होऊन, नाकातून पाणी येत. ते बघून आधी भुजंगला हसू फुटलं, मग हरिओमला, मग सगळी भिंतच हलायला लागली. फोननं चट्कन आवाज केला.

'अभिनंदन! हजेरी शंभर टक्के. आनंद उत्कृष्ट. ही शाळा आता बंद करायची?' खाली दोन बटणं होती. 'होय' आणि 'नंतर'.

तिनं 'नंतर' दाबलं. फोन टेबलावर पालथा ठेवला आणि फळ्याकडं वळून तारीख घातली.

"बसा. वजाबाकी ऱ्हाइली होती आपली. हातच्याची."

पोरं बसली. पाट्या निघाल्या. बाहेर ओढ्याच्या अंगानं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यायला लागला होता. टेबलावरचा फोन गुरगुरला. थोडा थांबून पुन्हा गुरगुरला.

"बाई," भुजंग म्हणाला, "डोळा इचारायलाय."

"इचारू दे," ती म्हणाली, आणि वरच्या आकड्याला हातचा दिला.